जावई रुसला नव्हता

माझे कैलासवासी सासरे अण्णा माणसाची पारख त्याच्या पानावरून करीत. कल्याणच्या घरी पंगत बसली की हात पाठीमागे बांधून ओळीतून फिरत. "भाताला हात लावला नाही? मनात काहीतरी आहे," म्हणून मोकळे होत.

पहिल्या दिवाळसणाला मी ठाण्याहून गेलो तो किडकी दाढ घेऊनच. अनारसा पाहिला तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण नवा जावई गाल धरून बसला, तर मेहुण्या काय म्हणतील! दाढेचं कुणाला कळू दिलं नाही. दोन्ही वेळा पान तसंच उठलं.

"जावई रुसले. सोनं हवंय," अण्णांनी निदान केलं आणि शेजारच्या ओटीवर बोलूनही आले. दिवेलागणीपर्यंत आळीभर झालं, ठाण्याचा जावई हावरा निघाला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कानातली भिकबाळी काढून माझ्या पानाशेजारी ठेवली. "जावईबापू, घरात एवढंच उरलंय. आता जेवा."

मला रडूच फुटलं. "अण्णा, दाढ हो! दाढ ठणकतेय!"

ते मटकन खाली बसले. "अरे देवा. आणि मी काय काय बोलून आलो!"

मुंबईला, कोट भागातल्या दातांच्या डॉक्टराकडे, मला त्यांनीच नेलं. त्याने दाढ उपटली नाही. पोखरून आत सोमल भरला. रात्री हे ऐकून सासूबाईंनी टाहो फोडला, "सणासुदीला जावयाला विष?"

"जावयाला नव्हे गं, दाढेतल्या शिरेला," अण्णा म्हणाले. "ती मेली की ओढून काढायची, मुळातली पोकळी धुवायची आणि बुजवायची. दाढ जागच्या जागी."

पुढच्या खेपेला तसंच झालं. दाढ राहिली, ठणका गेला.

सोमल भरला त्या पहिल्या दिवशी मुंबईहून परतल्यावर मात्र अण्णा आधी घरात शिरलेच नाहीत. शेजारच्या दारात हात जोडून उभे राहिले. "जावई हावरा नाही. त्याची दाढ दुखत होती. मीच भलतं बोललो."

एवढा वडीलधारा माणूस, माझ्यापायी! मी अण्णांच्या ओटीवर गाल चोळत बसलो होतो.

"तुम्ही दुसरं काय सांगणार, अण्णा?" आतून शेजारच्या काकू म्हणाल्या. "सोनं मिळालं, रुसवा गेला."

अण्णांनी पुन्हा हात जोडले. तेव्हा कुठे मी उठलो. काकूंपुढे जाऊन जबडा फाकला. त्यांनी हनुवटी धरून मला उन्हाकडे वळवलं. "अगोबाई, खरंच की!"

उरलेली आळी आम्ही तशीच केली. प्रत्येक दारात अण्णा हात जोडत, मी तोंड उघडत असे. एकमेकांकडे बघायची मात्र दोघांचीही छाती झाली नाही.