बाईंचं चाक

जुबेदा गेल्याचं पत्र कोरेगावात आलं तेव्हा मी शिवणवर्गात कटिंग शिकवत होते. तिच्या भावानं चारच ओळी लिहिल्या होत्या. ताप मेंदूत गेला, तिसऱ्या दिवशी संपलं. खाली विचारलं होतं, सायकल विकायची आहे, कुणी गिऱ्हाईक असलं तर कळवा. मी वर्ग पुरा केला आणि उत्तर टाकलं : विकू नका, मी येते.

सहा-सात वर्षांपूर्वी मी सांगलीहून भिलवडीला वर्ग घ्यायला जायची. जुबेदा त्याच सकाळच्या पॅसेंजरला असायची. वडिलांमागं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम तिनं उचललं होतं. गावं स्टेशनपासून लांब, एसटीचा भरवसा नाही. सायकल नाही तर काम नाही. नियम असा, की सायकल पार्सलमध्ये बुक करायची, आणि पार्सल ऑफिस उघडायचं आमची गाडी सुटल्यावर. तिनं दोन अर्ज केले. उत्तर नाही. मग एके दिवशी तिनं प्लॅटफॉर्मवरच पाना काढला, पुढचं चाक सोडवलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि उरलेली सायकल दाराशी उभी केली.

"डब्यात सायकल?" तिकीट तपासनीस म्हणाले.

"सायकल कुठं हाय सायब? ही नुसती फ्रेम हाय. चाक तर ह्या बाईंचं हाय."

"आणि जोडल्यावर?"

"जोडल्यावर मी गाडीत नसतीया."

डबा हसला, तेही हसले. वर्षभर असंच चाललं. मी पिशवीत गोणपाटाचा तुकडा ठेवायला लागले, साडीला वंगण लागू नये म्हणून.

पुढे नवा तपासनीस आला. त्याला हसायला येत नव्हतं. त्यानं जुबेदाला फ्रेमसकट नांद्र्याला उतरवलं आणि मला विचारलं, "तुम्ही हिच्याबरोबर आहात?" मी नुकतीच नोकरीत कायम झाले होते. मी नाही म्हणाले... गाडी सुटली. चाक माझ्या मांडीवरच राहिलं.

दुपारी ती भिलवडीला वर्गाच्या दारात उभी. खांद्यावर फ्रेम, हातात हत्यारांची पिशवी. रुळाच्या कडेनं चालत आली होती. मी म्हणाले, "जुबेदा, मी भ्याले गं."

"भ्यालासा तर भ्यालासा. उद्या चाक धरणार का न्हाई, तेवढं सांगा."

मी धरलं. माझी कोरेगावला बदली होईपर्यंत रोज धरलं.

गेल्या आठवड्यात सांगलीला जाऊन सायकल घेतली. भावानं स्टेशनपर्यंत सोबत केली. या वेळी पार्सल ऑफिस उघडं होतं, कारकून रिकामाच बसला होता. भाऊ म्हणाला, "आवं, बुक करा की." मी सायकलच्या सीटखालच्या चामडी पिशवीतून तिचा पाना काढला. तिला जे दोन मिनिटांत जमायचं त्याला मला पाऊण तास लागला, बोटं सोलली. पण चाक निघालं. गोणपाट मी घरूनच आणलं होतं.

कऱ्हाडनंतर तपासनीस आला. दाराकडे बघितलं, मग माझ्या मांडीकडे.

"हे काय?"

"चाक. माझं आहे."

"आणि ती फ्रेम?"

"जुबेदाची," मी म्हणाले. "आम्ही बरोबर आहोत."