गाईडात नसलेलं उत्तर

बिद्रीच्या अलीकडं एका छोट्या गावात मी पाचवीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी वर्गात एक पोरगी होती. अवघड शब्द आला की पुस्तक मिटायची, तेही फाट्दिशी. तिची आई कागलच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, घरात विचारायला दुसरं कुणी नाही. तिचा वर्गात नंबरबिंबर यावा असं माझं काही नव्हतं. ही पोरगी पुस्तकाला भ्यायची थांबावी, एवढंच माझं मागणं होतं.

म्हणून मी वर्गाला बजावलं, शब्द अडला तर मला विचारायचं नाही. मागचं वाक्य वाचा, पुढचं वाचा आणि ठोका अंदाज. चुकला तर चुकला, बाई काय खात नाहीत! एका उताऱ्यात मांजर चुलीपाशी घुटमळत होतं. पोरगी त्या शब्दावर बराच वेळ बोट ठेवून बसली आणि उठून म्हणाली, "बाई, जायचं बी न्हाय आन् नीट बसायचं बी न्हाय. आई भाकरी करताना आमचं मांजार असंच करतंय की!" आईशप्पथ सांगते, तिला उचलून घ्यावंसं वाटलं. तिथून पोरगी सुटलीच. वड्याखालच्या कागदावरची बातमीसुद्धा सोडेना.

मग परीक्षा आली. आमच्याकडं पेपर अदलाबदलीनं तपासतात. आमचा गठ्ठा शेजारच्या गावच्या शाळेत जातो, त्यांचा आमच्याकडं येतो. दोन्हीकडं पेपर एकच. उतारा देऊन पाच शब्दांचे अर्थ विचारले होते, त्यात एक होता 'ओशाळणे'. पोरीनं लिहिलं, 'आपली चूक दुसऱ्यानं बघितली की मान आपोआप खाली जाते ते.' त्यावर लाल फुली. पाची शब्दांना मिळून भोपळा.

माझं डोकंच फिरलं. पेपर घेतला आणि तडक त्या शाळेत गेले. तपासणारे गुरुजी माझ्याहून बरेच जुने. त्यांनी चष्मा लावून उत्तर वाचलं आणि हसले.

"झ्याक लिवलंय ओ बाई. पण गाईडात 'खजील होणे' हाय. उद्या वरनं सायेब आला तर त्याला काय दावू? माझं कपाळ?"

"गुरुजी, उतारा वाचून तिनं स्वतः शोधलंय हे."

त्यांनी कपाट उघडलं आणि त्यांच्या शाळेचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. मी तपासलेला. "तुमी बी तर हेच केलंय न्हवं?"

वरचाच पेपर एका मुलीचा होता. तिनं ओशाळण्याचा अर्थ लिहिला होता, 'चोरी सापडल्यावर तोंड लपवावंसं वाटणं.' त्यावर फुली माझ्या हातची. रविवारी गाईड उघडं ठेवून मी सगळा गठ्ठा एका बैठकीत उडवला होता. उत्तरं वाचलीच नव्हती, नुसती जुळवली होती. एरवी मी कुणाला हार जात नाही, पण तिथं पेपर परत गठ्ठ्यात ठेवला. गुरुजींनी दिलेला चहा प्यायले आणि दोन्ही फुल्या तशाच ठेवून परत आले. त्याची लाज अजून वाटते.

निकालादिवशी पोरीची आई रजा टाकून आली. "बाई, तुमीच सांगितलं म्हणं, मनानं लिव. लिवलं की तिनं. मग?"

काय सांगणार, कपाळ? पुढच्या वर्षी बघू, असलं काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी पोरीच्या दप्तरात गाईड होतं.

यंदा ती सहावीत आहे, तिथलंही मराठी माझ्याकडंच. परवा नवा उतारा फळ्यावर लिहिला आणि सवयीनं म्हणाले, सांगा बघू, या शब्दांचे अर्थ काय असतील? सगळ्यांनी वह्या काढल्या. मी तिच्याकडं बघितलं. तिनं वहीत समास आखून ठेवला होता, पेन तयार.

"बाई, तुमीच सांगा की. आमचं चुकतंय."

मी अर्थ लिहून दिले. तिनं सगळ्यांच्या आधी उतरवून घेतले, आणि उतारा न वाचताच वही मिटली.