चॉकलेटचं गणित

मीरा रोडच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मी शिकवण्या घ्यायचे आणि पाठ केलेल्या प्रत्येक पाढ्याला एक चॉकलेट द्यायचे. तिसरीतली एक मुलगी वर्षभर पाचाच्या पाढ्यावरच अडून बसलेली. अचानक एका आठवड्यात तिने बारापर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. मेलं चॉकलेट तर वर्षभर तेच होतं, मग आत्ताच काय झालं? मला काही चैन पडेना.

एका दुपारी ती जिन्यात दिसली. पायरीवर बसून खालच्या मजल्यावरच्या चिमुरड्या गुजराती मुलीकडून 'बे एके बे' घोकून घेत होती, आणि माझंच चॉकलेट तिच्या हातावर ठेवत होती.

"अगं, तू नाही खात?"

"मी खाल्लं तर ही बसणारच नाही. मग मला टीचर कोण म्हणणार?"