सांध्यावर माती

हापूसची कलमं बांधावीत तर शफीकनं, असं रत्नागिरीत अजून म्हणतात. पण कतारमध्ये, अल रुवैसजवळच्या त्या बंगल्यात माळीकाम करताना, त्याच्या गळ्यात पडलं भलतंच झाड. पिओनी! थंड मुलखातलं, कमळाएवढ्या फुलाचं. मालकिणीच्या एकुलत्या एका लेकीनं, हिबानं, ते जपानहून आणलेलं आणि एसी लावलेल्या काचघरात वाढवलेलं. गेल्या वर्षी हिबा गाडीच्या अपघातात गेली. झाड तेवढं मागे राहिलं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी शफीक गाववाल्यांना भेटायला दोह्याला गेला आणि इकडे काचघराचा एसी बंद पडला. परतला तर झाड उकडून काळं! सात काड्या तेवढ्या हिरव्या. मालकिणीनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं. ती रोज सकाळी यायची, खुर्ची ओढून बसायची आणि मोडक्या हिंदीत विचारायची, "शफीक, हिबा का फूल?"

"इन्शाल्ला," तो म्हणायचा आणि पाठ फिरवून कुंड्यांना पाणी घालायला लागायचा.

एसी दुरुस्त करून घेतला आणि परदेशातून पिओनीच्या मुळ्या मागवल्या. सहा काड्या त्यानं त्यांच्यावर बांधल्या, अगदी आंब्यासारख्या, सांधा मातीच्या वर ठेवून. सांध्याला माती लागली की कलम फुकट गेलं, हे बापानं थोबाडीत मारून शिकवलेलं. सहाही सुकल्या. सातवी फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात होती. शफीक रडकुंडीला आला. मुळ्यांबरोबर एक इंग्रजी कागद आला होता, त्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्याचा फोटो काढून रत्नागिरीला लेकीला धाडला.

"अब्बा," रुकैया फोनवर म्हणाली, "सांधा मातीत पुरायचा, असं लिहिलंय. चांगला चार बोटं खाली. मग काडीला स्वतःची मुळं फुटतात."

जळलं मेलं ते शहाणपण! सहा काड्या त्यानं आपल्याच अकलेनं मारल्या होत्या.

सातवी बांधून त्यानं कुंडीत उभी केली. माती लोटायला मात्र हात धजेना. चाळीस वर्षांची सवय ती. शेवटी डोळे मिटून त्यानं माती ओढली. सांधा गेला, काडी गेली, कोंब फुटायचा वरचा डोळाही झाकला गेला.

मागे मालकीण उभी होती. ती कुंडीकडे बघत राहिली, मग वाकली आणि तिनं एक मूठ माती टाकली. मग दुसरी. मग तिसरी. ओठ हलत होते. कबरीला माती देतात तशी ती माती देत होती. शफीकनं घाईनं हात आडवा केला.

"नहीं मॅडम, ये जिंदा..." एवढं बोलून तो अडला. जिवंत आहे हे कोणत्या तोंडानं सांगणार? कोंब आलाच तर फेब्रुवारीत. आणि नाही आला, तर त्या माउलीनं पुन्हा माती द्यायची?

"खलास," ती हळूच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शफीकनं खुर्ची पुसून कुंडीजवळ मांडली. ती आली नाही. अजून आलेली नाही. ज्या प्रश्नाला तो पाठ फिरवायचा, तोच कुणीतरी विचारावा म्हणून आता बिचारा रोज सकाळी दाराकडे बघत बसतो.