कच्ची पिन

आधी माफी मागतो. छापील मासिकात लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझे वडील जालन्याच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलतात आणि सहीच्या जागी अंगठा देतात. शिवाय माझी शाळा निजामी राज्यातली, म्हणजे उर्दूतली. मराठीत चुकलं-माकलं असेल तर संपादकांनी सुधारून घ्यावं. पण या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो, आणि... खरं सांगायचं तर ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची सोय मला राहिलेली नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. जिनिंगमागच्या विहिरीवर बाई दिसते म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. मी मॅट्रिकचा सगळा अभ्यास त्याच विहिरीच्या काठावर केला, कारण तिथं शांतता होती. बाई कधी दिसली नाही. भूमिती मात्र पाठ झाली.

मस्तगडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रहमतचाचांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा एकटेच राहायचे. त्यांची एकुलती मुलगी जुबैदा लग्न होऊन हैदराबादला गेली होती. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिला दर पंधरा दिवसांनी जाणारं पत्र माझ्या हातचं असायचं. ते बोलायचे, मी लिहायचो. त्यामुळे मी त्यांचा 'मुन्शी', आणि हळूहळू सगळ्या गल्लीचाच.

"लिही मुन्शी, माझी तबियत बिलकुल ठीक आहे."

"चाचा, तुम्ही तर दोन दिसांपासून खोकून राह्यले."

"खोकला लिहायचा पगार देतो का मी तुला?"

"पगार तर कशाचाच देत न्हाई."

"मंग? फुकटच्या मुन्शीनं जास्ती बोलू न्हाई."

त्या दिवसांत एका जहागीरदाराची विलायती स्पोर्ट्स कार त्यांच्याकडे यायची. हिरवी, दोन सीटांची, उघडी, आणि इतकी बुटकी की गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणायची. तिचा गिअर फार हट्टी. दोन्ही सीटांच्या मधोमध वीतभर उंचीचा दांडा होता, आणि तो चाचांशिवाय कुणाचं ऐकत नसे. मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर चाचांनी मला ती गाडी शिकवली. मी स्टिअरिंगवर, माझा डावा हात दांड्यावर. शेजारी चाचा, आणि त्यांचा उजवा पंजा माझ्या हातावर. त्या हाताच्या करंगळीचं टोक कुठल्याशा पंख्यात गेलं होतं. तो बोथट तुकडा माझ्या बोटाच्या पेरावर टेकायचा.

मी घाईनं दांडा रेटला की आतून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा आणि चाचा ओरडायचे, "अरे, मारू नको! गेर कू मारते नै, पूछते."

क्लच दाबून दांडा मधे आणायचा. तिथं थांबायचं. क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा, मग दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. ते मधलं थांबणं म्हणजे चाचांचं 'पूछना'. "तो हौ बोला की डाल. नै बोला तो रुक." महिनाभरात मला जमलं.

मग पोलीस ॲक्शन झाली. जहागीरदार निघून गेले, त्यांची गाडी जिनिंगच्या शेठकडे आली आणि शेठचा मुलगा मदन ती फिरवू लागला. जुबैदाचा नवरा तिला घेऊन कराचीला गेला. चाचा वर्षभर इथंच थांबले, पण पुढं त्यांचं मन लागेना. जाण्याच्या आठवड्यात त्यांनी शेवटचं काम केलं ते याच गाडीचं. दांड्याच्या बुडाशी, जिथं तो खालच्या पट्टीला धरतो, तिथली पोलादी पिन झिजून गेली होती. नवी विलायतेहून यायची. तोवर चालावं म्हणून त्यांनी घोड्याच्या नालेचा खिळा घासून त्याची पिन बसवली.

मी स्टेशनावर पोचवायला गेल्तो. "पोरीला बघून जल्दी येतो, मुन्शी," असं म्हणाले. दुकानाला कुलूप होतं, आणि हत्यारं त्यांनी विकली नव्हती.

मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. पहिल्याच वर्षी, घरी आलेलं एक पोस्टकार्ड गावच्या कुणीतरी माझ्यापर्यंत होस्टेलवर पोचवलं. कराचीचं. मजकूर चाचांचा, अक्षर जुबैदाचं. नात झाली आहे, समुद्राची हवा सोसत नाही, मुन्शीनं आपल्या हातानं जवाब लिहावा, पत्ता खाली दिला आहे. आणि शेवटी लिहिलं होतं: मदनला सांग, दांड्यात मी कच्ची पिन टाकून आलोय, ती बदलून घे, उतारावर दगा देईल.

पोस्टकार्ड ते, चार हातांतून फिरूनच माझ्याकडे आलं.

"काय रे, सासुरवाडी कराचीला केली काय?" एकानं विचारलं.

"उर्दूत आहे! वाच की मोठ्यानं. गुप्त निरोप असेल तर सरकारला कळवू."

सगळे हसले. ती वकील-मामलेदारांची मुलं होती. त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून मी महिनाभर धडपडत होतो. 'न्हाई' सोडून त्यांच्यासारखं 'नाही' म्हणता यावं म्हणून आरशासमोर उभा राहत होतो. मीही हसलो. "कुणाचं आहे कोण जाणे, चुकून आलंय," असं म्हणालो, आणि कार्डाचे चार तुकडे करून खिडकीबाहेर टाकले.

मनात होतं की पत्ता आपल्या लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तर मोहल्ल्याचं नाव आठवेना. खिडकीखाली जाऊन शोधलं. सकाळीच झाडून नेलं होतं. मदनला पिनेचं सांगायचं म्हणजे कार्डाचं सांगावं लागणार, म्हणून ते पुढच्या सुट्टीवर ढकललं. मग त्याच्या पुढच्या. मग विसरलो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. झालं ते असं झालं.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीत घरी आलो होतो. मृग लागायचा होता. आदल्या दिवशी रमजान ईद झालेली, त्यामुळे मदनचा ड्रायव्हर रजेवर. मदनला बदनापूरला एका सोयऱ्याकडं जेवायचं आमंत्रण होतं. सकाळी तो बेडकी ढकलत ढकलत आमच्या दारात आला.

"चल मुन्शी, तूच चालव. आमच्या घरात ही कुणाचंच ऐकत न्हाई."

"तुझी बायको तरी ऐकती का?"

"तिचा तर गेरच सापडला न्हाई अजून. बस!"

अकराच्या सुमाराला आम्ही बदनापूरच्या अलीकडे एका नाल्याच्या उताराला लागलो. उतार सरळ, खाली अरुंद फरशीचा पूल, आणि फरशीवर एक छकडा अडकलेला. एक बैल बसला होता. छकड्यात दोन बाया आणि तीन-चार लेकरं. मी टॉपमधून दुसऱ्यात यायला क्लच दाबून दांडा ओढला. तो टॉपमधून सुटला, आणि लगेच माझ्या हातात सैल झाला. रिकाम्या डेऱ्यात रवी फिरावी तसा तो नुसता इकडून तिकडं फिरायला लागला.

ब्रेक आधीपासून नरम होता. पाय तळापर्यंत गेला तरी गाडी पळतच होती. मदननं दोन्ही हातांनी समोरच्या काचेची चौकट धरली आणि अर्धा उठला. "ए मुन्शी! ए मुन्शी!" एवढंच तो म्हणत होता. छकड्यातलं एक पोर आमच्याकडं बघून हात हलवत होतं. त्याला मजा वाटत होती.

त्या क्षणी मला ते पोस्टकार्ड दिसलं. तुकडे होण्याआधीचं.

आणि माझ्या डाव्या हातावर हात आला.

मी जमेल तितकं नेमकं लिहितो. हात वरून आला, शेजारच्या सीटच्या बाजूनं. कोरडा होता, ऊबदार होता, जड होता. मी जीव खाऊन दांडा रेटत होतो; त्या हातानं रेटू दिलं नाही. त्यानं माझा हात मधे आणला आणि थांबवला. माझ्या पेरावर करंगळीचा तो बोथट तुकडा टेकलेला मला स्पष्ट कळत होता. क्लचवरून माझा पाय उचलला गेला, दुसऱ्या पायानं रेस दिली, पुन्हा क्लच दाबला. हे मी केलं की आपोआप झालं, ते सांगता येत नाही. मग त्या हातानं माझा हात मागे ओढला आणि गिअर पडला. इंजिन किंचाळलं, गाडीनं हिसका दिला, आणि छकड्याच्या मागे दोन हातांवर बेडकी उभी राहिली.

"डोळे फुटले का रे, मुडद्यांनो!" छकड्यातली म्हातारी ओरडली.

मदन खाली बसला. "मुन्शी... बी.ए.मधी हे बी शिकवतेत का?"

"मदन, तू माझ्या हातावर हात ठेवला होता?"

"मी?" त्यानं दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. चौकटीच्या कडेचे लाल वळ दोन्ही हातांवर होते.

मी दांडा हळूच उचलला. मुळा उपटावा तसा तो अलगद हातात आला. पिनेचे दोन तुकडे खालच्या पत्र्यावर पडले होते.

पुढं त्याच छकड्याचे बैल जुंपून आमची स्वारी बदनापुरात गेली. तिथल्या फिटरनं तुकडे तळहातावर घेतले. "ही तुटली की दांडा नुस्ता शोभेचा. खालच्या पट्टीला त्याचा काही संबंधच राहत न्हाई. तुम्ही उतारावर गेर टाकला म्हणता... कशानं टाकला?"

कॉलेज उघडल्यावर तेच मी फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पिनेचा अर्धा तुकडा क्षणभर अडकून राहिला असेल. असेल. मी ते नाकारत नाही. पण हाताचं मी सरांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. चाचांचा पत्ता मिळवायचा आणि त्यांना खरं सांगायचं, की तुमचं कार्ड आलं होतं, मी वाचलं होतं आणि मी फाडलं. मस्तगडातल्या जुन्या लोकांना विचारलं, मशिदीत विचारलं. कुणाकडंच पत्ता नव्हता. शेवटी सगळं कबूल करून एक लांब पत्र लिहिलं आणि वर 'रहमत मिस्त्री, जालनेवाले, कराची' एवढंच घातलं. ते दोन महिन्यांनी शिक्के खाऊन परत आलं. दुसरं पाठवलं. ते परत आलं नाही, म्हणून मी आशा धरून होतो.

काय घडलं याचा खुलासा माझ्यापाशी आजही नाही. तो हात कुणाचा, याबद्दल मला शंका नाही. तो तिथं कसा आला, हे मला माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगावं. फक्त 'भास' एवढं म्हणून सोडू नये. भास असता तर मी तिथंच कायमचा निजलो असतो, आणि छकड्यातली ती लेकरंही.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा वडिलांनी एक पाकीट पुढं केलं. "तुझं उर्दू आलंय रे," म्हणाले. चाचांच्या कुलूपबंद दुकानाच्या पत्त्यावर आलेलं. पोस्टमननं आठवणीनं आमच्याकडं दिलं होतं. जुबैदाचं पत्र. माझं दुसरं पत्र तिला मिळालं नसावं, कारण त्याचा तिनं उल्लेख केलेला नाही. त्यात लिहिलेल्या ईदबद्दल एवढंच सांगतो की तिकडची आणि आपली ईद कधी एखाद्या दिवसानं मागेपुढे होते, म्हणून दिवस तोच होता असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मराठीत जसं जमलं तसं खाली उतरवतो आणि थांबतो.

'मुन्शीभाई, तुम्हाला मी पाहिलं ते लहानपणीच, चेहरा आता आठवत नाही, पण तुमचं अक्षर हजारांत ओळखेन. तुमचा जवाब आला नाही तेव्हा अब्बा म्हणाले, आपल्या कार्डामुळे पोराला तिथं तकलीफ झाली असेल, आता लिहू नकोस, त्याला शिकू दे. म्हणून मी लिहिलं नाही. नंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. दोन वर्षं तो हात लाकडासारखा पडून होता, माशी बसली तरी कळत नसे. गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भरवत होते. माझा हात खाटेच्या काठावर होता. एकाएकी त्यांचा उजवा हात उठला आणि माझ्या हातावर येऊन बसला. थोडा थांबला, मग माझा हात धरून जोरानं मागे ओढला. मी ओरडले, घरातले सगळे धावत आले. आम्हाला वाटलं, अब्बा बरे झाले. ईदचा शीरखुर्मा उरला होता, तो वाट्या भरभरून मी गल्लीत वाटला, दारोदार सांगितलं की अब्बांचा हात हलला. शेवटची वाटी देऊन परत आले, तेव्हा अब्बा गेले होते.'