एकदाच विचारा

उभ्या बाई कधी बसत नसत. त्या बालकल्याण समितीच्या सदस्य. सांगलीतल्या कुठल्याही कचेरीत गेल्या तरी साहेबांसमोर उभ्याच. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसलं की चहा येतो, आणि चहा आला की विषय निघून जातो." बालगृहातल्या आम्ही मुली त्यांना 'उभ्या बाई'च म्हणायचो; खरं नाव घ्यायची कधी गरजच पडली नाही.

मी त्यांना भेटले तेव्हा चौदा वर्षांची होते. कडेगावजवळच्या आमच्या गावातून एका ओळखीच्या माणसाने 'शाळेत घालतो' म्हणून मला पाचगणीला नेलं आणि एका बंगल्यात कामाला ठेवलं. तिथे कोंडून घालत, चुकलं की चटके देत. एक दिवस मी पळाले. मग पोलीस ठाण्यात सगळं सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, साताऱ्याच्या कचेरीत सांगितलं. प्रत्येक जण पहिल्यापासून विचारायचा. सांगलीच्या बालगृहात आणल्यावर मी बाईंना म्हणाले, "आता मी न्हाई सांगणार. लय वेळा सांगितलंय."

बाई खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको सांगूस. जेवलीस का?"

पण ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. मुलीचा जबाब एकदाच घ्यावा, बालगृहातच, साध्या कपड्यातल्या महिला पोलिसाने. बाकीच्या खात्यांनी तोच वाचावा, एवढंच त्यांचं मागणं. एक साहेब म्हणाले, "मॅडम, प्रत्येक खात्याची पद्धत असते."

"तुमच्या मुलीला या सगळ्या खात्यांत फिरवून बघा," बाई म्हणाल्या, "मग पद्धतीचं बोलू."

साहेब दुखावले. समितीची मुदत संपल्यावर बाईंची पुन्हा नेमणूक झाली नाही. तरी त्या कचेऱ्यांत जातच राहिल्या. पुढे नव्या कलेक्टर मॅडमनी सगळ्या खात्यांना एका खोलीत बसवलं आणि सांगली जिल्ह्यापुरता तसा आदेश निघाला. आम्ही पेढे आणले. बाईंनी अर्धा तोंडात टाकला आणि "पाळतात का बघून येते," म्हणून जतची एसटी पकडली.

शिक्षण संपवून मी त्यांच्याबरोबर काम करू लागले. त्यांचा त्रासही व्हायचा. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी मेंदी ओली असताना त्यांचा फोन आला: "माधवनगरच्या मुलीला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. निघ." मी चिडले, आणि निघाले.

शेवटी त्या मिरजेला दवाखान्यात होत्या. बोलताना धाप लागायची, तरी विचारलंच, "साताऱ्याच्या आदेशाचं काय झालं?"

"होईल. तुम्ही झोपा."

"झोपते गं. पण तिथल्या पोरी अजून दारोदार सांगत फिरतात."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता साताऱ्याला मी जाते. परवा तिथले अधिकारी माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही सांगलीच्या. तुम्हाला यात एवढं काय पडलंय?"

सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण माझं सांगून झालं आहे. "साहेब," मी म्हणाले, "आदेश कधी काढताय?"