शेअर बायकोच्या नावावर

साखर कारखान्याच्या चेअरमनला भर सभेत उघडं पाडायचं, असं मी ठरवलं होतं. उघडा पडलो मी.

त्या वर्षी जास्तीची जमीन सरकारजमा करणाऱ्या सीलिंगच्या कायद्याची सगळ्यांनीच धास्ती घेतली होती. मीही निम्मी, उसाची जमीन बायकोच्या, हिराच्या नावावर करून टाकली. जमिनीमागोमाग कारखान्याचा शेअरही तिच्याकडे गेला. (जाईना का! नाव तिचं, कारभार माझा!)

वार्षिक सभेला हिराही बरोबर निघाली. तिला पुढे सोनईला बहिणीकडे जायचं होतं. ती मांडवाच्या कडेला बायकांत बसली आणि मी मिशीला पीळ देत थेट माईकपाशी!

"चेअरमनसाहेब, सभासद म्हंजे कारखान्याचे मालक! आमच्या कारखान्याची जीप तुमच्या मेव्हण्याच्या वरातीत कशी गेली? मालकाला हिशेब पायजे!"

टाळ्यांचा कडकडाट! माझी छाती दोन इंच वाढली. चेअरमन नुसते हसले आणि सेक्रेटरीच्या कानाशी लागले.

"पाटील, तुमी सभासद न्हाई," सेक्रेटरी म्हणाला. "सभासद हिराबाई. इचारायचं तर त्यांनी इचारावं."

मांडव खदखदला. मी धावत हिराकडे गेलो. "ऊठ! जीपचं विचार! अजिबात घाबरू नको!"

"मी कुठं घाबरले? तुमालाच घाम फुटलाय," ती म्हणाली आणि पदर सावरून माईकपुढे उभी राहिली.

"सायेब, जमीन माझी, शेअर माझा, ह्ये मला आत्ता कळलं! तलाठ्याकडं अंगठा घेतला, तवा हे म्हनाले, रेशनकार्डाचं हाय!"

हशाचा कल्लोळ उसळला! मी खुणा करत होतो, "जीप! जीप!"

"मग माझ्या उसाचं बिल कुनी उचललं?"

"पाटलांनी!" आख्खा मांडव ओरडला.

"तर आधी ह्यांचा हिशेब घ्या, जीपचं मागनं बघू. तुमी वर्सातनं एकदा सभा तरी घेता. आमच्या घरात तीबी न्हाई!"

चेअरमननी उठून तिला हात जोडले. "बाईंचं बोलनं सोळा आने खरं हाय!" त्या आनंदात ताळेबंद, जीप, वरात, सगळं एका दमात मंजूर झालं.

पुढच्या पाडव्यापासून आमच्या घरी वार्षिक सभा भरू लागली. हिरा अध्यक्ष, माझी आई आणि दोन्ही मुली सभासद. हिशेब चोख, प्रश्न विचारायला पूर्ण मोकळीक! मलाही आत प्रवेश असतो. चहा घेऊन.